झेंडूतला फुलकिडा झेंडूचाच का? इंदूरच्या बागेत फुलकिड्यांची यजमान झाडं शोधण्याची रीत

फूल पांढऱ्या ताटलीवर झटकलं की लांबट, चिमुकले, घाईघाईने पळणारे किडे पडतात. तेच फुलकिडे. इंदुरात बाग करणाऱ्यांना ते भेटतात मिरचीमुळे नाहीतर गुलाबामुळे, आणि बहुतेकदा ती ओळख फवारणीच्या पंपापाशीच संपते. या लेखात त्याआधीचं काम आहे. आपल्या अंगणात, कॉलनीच्या बगिच्यात किंवा बायपासलगतच्या पडीक तुकड्यावर कोणत्या झाडावर कोणता फुलकिडा खरोखर वाढतो, ते कसं शोधायचं हे सांगते. महागडं साहित्य लागत नाही, पण तिन्ही ऋतू नेटाने बघावं लागतं.

मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवते. फुलावर प्रौढ फुलकिडा सापडला एवढ्यावरून ते झाड त्याचं यजमान ठरत नाही. प्रौढाला पंख असतात. तो वाऱ्याबरोबर वाहत येतो, मिळेल तिथे उतरतो, थोडा पराग खातो आणि पुढे जातो. मादी ज्या झाडावर अंडी घालते आणि पिल्लं ज्याच्यावर वाढून मोठी होतात, ते यजमान. ऑस्ट्रेलियातले ज्येष्ठ अभ्यासक लॉरेन्स माउंड वर्षानुवर्षं याच मुद्द्यावर बोट ठेवत आले आहेत, कारण जुन्या याद्यांमधली कितीतरी ‘यजमान’ झाडं एखाद्या वाट चुकलेल्या प्रौढावरून लिहिलेली आहेत. आपल्याला शोधायची आहेत ती पिल्लं.

ताटलीत पडलेलं ओळखणं

बहुतेक फुलकिडे एक ते दोन मिलिमीटर लांब असतात. १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं तर प्रौढाच्या पाठीवर अरुंद पंख दिसतात आणि त्यांच्या कडेला लांब केसांची झालर असते. पिल्लांना पंख नसतात. ती फिकट पिवळी, पांढरट किंवा नारिंगी असतात आणि प्रौढांपेक्षा संथ चालतात. तोंडाची रचना मोठी विलक्षण आहे: दोन जबड्यांपैकी फक्त डावा वाढलेला असतो. त्याने पेशीला भोक पाडायचं आणि सुईसारख्या अवयवांनी आतला रस ओढायचा. परागकणही ते असेच एकेक फोडून शोषतात. पाकळीवर किंवा पानावर चंदेरी चट्टे आणि त्यात काळे ठिपके दिसले, तर चट्टे म्हणजे रिकाम्या झालेल्या पेशी आणि ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा.

त्यांचे दोन मोठे गट भिंगातून वेगळे करता येतात. एका गटाच्या मादीला करवतीसारखा अंडी घालण्याचा अवयव असतो आणि ती अंडी पाकळीच्या किंवा देठाच्या आत खुपसते. त्यामुळे ही अंडी साध्या नजरेला दिसत नाहीत. दुसऱ्या गटाच्या पोटाचं टोक नळीसारखं असतं आणि त्यातले किडे अंडी वरच्यावर ठेवतात. यातले बरेचसे काळे असतात, आणि हात लावला की शेपटी विंचवासारखी उचलतात. डंख मात्र कुणालाच नसतो. उन्हाळ्यात पांढरे किंवा पिवळे कपडे घातले की कधी अंगावर येऊन बसतात आणि कातडीला किंचित टोचतात, इतकंच.

साहित्य

पांढरी ताटली (एनॅमलची असेल तर फार छान), १० पटीचं भिंग, ०००  नंबरचा ब्रश, झिपच्या पिशव्या, होमिओपॅथीच्या दुकानात मिळणाऱ्या काचेच्या छोट्या बाटल्या, ७० टक्के अल्कोहोल, पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहून बाटलीच्या आत टाकायची. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि चिठ्ठी नसलेला नमुना कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

कोणती फुलं, कोणत्या महिन्यात

इंदूरचं वर्ष फुलकिड्यांच्या दृष्टीने पाहिलं तर फुलांची साखळी कधी पूर्ण तुटत नाही. पावसाळ्यात सोयाबीन, टाकळा, गाजरगवत. दसरा-दिवाळीला झेंडू, त्याच्या आगेमागे तूर. थंडीत शेवंती, हरभरा, वाल. माघ-फाल्गुनात आंब्याचा मोहर, पळस, बियाण्यासाठी ठेवलेला कांदा. मग कडुनिंब, शिरीष, बहावा आणि मोगरा. घाणेरी तर जवळजवळ बारा महिने. आपल्या चालण्याच्या वाटेवरची आठ-दहा झाडं निवडा आणि तीच धरून ठेवा. नवनवी फुलं धुंडाळण्यापेक्षा तेच झाड दर पंधरवड्याला पाहिलं तर जास्त कळतं. शोभेच्या झाडांइतकंच तणालाही यादीत स्थान द्या, खरं म्हणजे थोडं जास्तच.

सिरपूर तलाव आणि रालामंडल अभयारण्य ही फिरायला सुंदर ठिकाणं आहेत, पण तिथून परवानगीशिवाय काहीही गोळा करायचं नाही. तिथे भिंगाने पाहावं आणि टिपून ठेवावं.

हवामानाचं एक लक्षात ठेवावं. कोरडी, उबदार हवा फुलकिड्यांना मानवते. गरम हवेत बऱ्याच जातींची अंड्यापासून प्रौढापर्यंतची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. जोराच्या पावसात उघड्या फुलांवरचे किडे धुऊन जातात आणि मातीतले कोष पाण्यात बुडतात. म्हणून श्रावणातल्या झडीनंतर एका झाडावर शून्य आलं, तर तो निकाल मानू नका. वाल किंवा तुरीच्या मिटलेल्या फुलात मात्र तशा पावसातही किडे टिकून राहतात.

झटकणं आणि मोजणं

सकाळी ऊन तापण्याआधी जा, तेव्हा प्रौढ सुस्त असतात. फुलाखाली ताटली धरून देठाला बोटाने तीन-चार टिचक्या मारा. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या ब्रशच्या टोकाला किडा चिकटतो, तो तसाच बाटलीत बुडवायचा. एका झाडावरून दहा फुलं घ्यावीत: काही नुकती उमललेली, काही पूर्ण उघडलेली, काही कोमेजायला आलेली. ती मिसळू नयेत. तिन्ही अवस्थांची मोजदाद वेगळी ठेवली तरच पुढे अर्थ लावता येतो. परागकण खाणारे प्रौढ ताज्या फुलात जमतात, तर पिल्लं बऱ्याचदा जुन्या फुलात मिळतात, कारण अंडं फुटायला मध्ये काही दिवस गेलेले असतात. वहीत ‘फुलकिडे १४’ असं लिहून भागत नाही. ‘प्रौढ ११, पिल्लं ३’ असं लिहा.

नुसत्या टिचकीने पिल्लं पडतीलच असं नाही. झेंडूचंच बघा. वरवर झटकलं तर दोन-तीन गडद प्रौढ पडतात आणि वाटतं, एवढेच असतील. आता तेच फूल उभं चिरा आणि एकेक फुलोरी (झेंडूचं फूल ज्या बारीक फुलांचं बनतं, त्यातलं एक) चिमट्याने उपटून भिंगाखाली धरा. बाहेरच्या फुलोऱ्यांच्या बुडाशी, हिरव्या पेल्याला टेकून, जिथे उजेड पोचत नाही तिथे पिवळसर पिल्लू आडवं बसलेलं असतं. त्याच्या शेजारी तपकिरी ओरखडा दिसतो, आणि ते हललं तरच कळतं की तो परागाचा कण नाही. सूर्यफूल कुळातल्या फुलांत अशी वाढणारी एक ठरलेली जात आहे: मायक्रोसेफॅलोथ्रिप्स ॲब्डोमिनॅलिस, गडद रंगाची, शरीराच्या मानाने फारच लहान डोक्याची. झेंडू तिचं खरं घर. पण त्याच झेंडूत थ्रिप्स हवायएन्सिससारखी कुठल्याही फुलात मिळणारी जातही पडू शकते, आणि दोघांची बेरीज करून ‘झेंडूवरचे फुलकिडे’ म्हटलं की सगळा अर्थ हरवतो.

दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या काकू हमखास विचारतात, “अगं, एवढे किडे आहेत, ही फुलं देवाला वाहू ना?” खुशाल वाहा. फूल उलटं धरून दोनदा झटकलं की पुरे. देवघरातल्या माणसांना या किड्यांपासून काही अपाय नाही.

पिल्लं सापडली, पुढे काय

एकदा पिल्लू मिळालं म्हणून लगेच ‘यजमान’ लिहू नये. मी तीन पायऱ्या मानते. पहिली: पिल्लं एकाच झाडाच्या वेगवेगळ्या फुलांत, वेगवेगळ्या दिवशी सापडली पाहिजेत. दुसरी: वर कोणतं झाड आहे ते पाहा. शिरीष किंवा कडुनिंबाखाली लावलेल्या झेंडूवर वरून फुलं गळतात आणि त्यांच्याबरोबर वरची पिल्लंही येतात. तिसरी, आणि खरी कसोटी: पिल्लं त्याच झाडाच्या फुलांवर वाढवून प्रौढ करून पाहायची. पिल्लांवरून जात ओळखणं तज्ज्ञांनाही अवघड जातं, प्रौढावरून ते शक्य होतं. शिवाय ते पिल्लू पराग खाणारंच असेल असंही नाही. इओलोथ्रिप्स वंशातले फुलकिडे दुसऱ्या फुलकिड्यांची पिल्लं खातात. त्यांच्या प्रौढांच्या पंखांवर आडवे गडद पट्टे असतात.

वाढवण्याची रीत सोपी आहे. पारदर्शक डबीच्या झाकणाला मोठं भोक पाडून त्यावर मलमल घट्ट बसवा. तळाला टिश्यू पेपरच्या दोन घड्या घाला. फुलातले सगळे प्रौढ काढून टाका आणि पिल्लं असलेली फुलं आत ठेवा. दर दोन दिवसांनी त्याच झाडाचं ताजं फूल टाका. हे फूल कळी असतानाच मलमलीच्या पिशवीत बांधून ठेवलेलं असावं, म्हणजे त्यात बाहेरचे किडे नसतील. पाण्याचा थेंब साचू देऊ नका. बुरशी लागली की प्रयोग संपला. पिल्लं दोन अवस्थांत खातात. मग खाणं थांबवून टिश्यूच्या घडीत शिरतात आणि तिथे कोषासारख्या दोन अवस्था काढतात (नळीच्या शेपटीवाल्या गटात तीन). त्या काळात ती जवळजवळ हलत नाहीत, तेव्हा मेली समजून डबी धुऊ नका. आठवडा-दहा दिवसांत झालरीचे पंख असलेले प्रौढ मलमलीला चिकटलेले दिसतील.

एकच नर दिसला नाही तरी गोंधळू नये. फुलकिड्यांत फलन न झालेल्या अंड्यांतून सहसा नर होतात, आणि काही जातींत, उदाहरणार्थ कांदा-लसणावरच्या थ्रिप्स टबासीत, नराशिवाय माद्याच माद्यांना जन्म देत राहतात. मंदसौर-नीमचच्या लसणावर हा किडा इतक्या झपाट्याने का वाढतो, त्याचं एक कारण हेच.

मातीतला मुक्काम

फुलात वाढणाऱ्या बऱ्याच जातींची पिल्लं शेवटी खाली उतरतात आणि पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात कोष करतात. ते तपासायला मला रिकामी प्लास्टिकची काळी कुंडी फार आवडते. झाडाखालचं तण काढा, कुंडी मातीवर पालथी घाला, कडेला माती दाबा आणि बुडाच्या भोकावर पारदर्शक चिकट टेप चिकट बाजू आत करून लावा. बाहेर येणारे प्रौढ उजेडाकडे जातात आणि टेपला अडकतात. आठवड्याने टेप काढून भिंगाखाली पाहायची. फुलात पिल्लं होती पण टेपवर काहीच नाही, असं वारंवार झालं तर त्या जातीचे कोष बहुधा झाडावरच होत असणार.

निर्माल्याचा संबंध इथेच येतो. देवघरातली झेंडू-शेवंती मोगऱ्याच्या आळ्यात टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्या फुलांतली पिल्लं सरळ आळ्यातल्या मातीत शिरतात. तेच निर्माल्य झाकलेल्या, चांगल्या तापणाऱ्या कंपोस्टच्या ढिगात घातलं तर ती मरतात. आपल्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर १९२४ साली इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली आणि जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेलेलं कंपोस्ट तिथेच आकाराला आलं. इंदूरच्या माणसाने निर्माल्य ढिगात घालणं अवघड मानू नये.

घाणेरीचा एक प्रयोग

फुलकिडे फक्त नुकसान करतात असं वाटत असेल तर घाणेरीच्या झुडपापाशी अर्धा तास बसा. तिच्या गुच्छातली फुलं उमलताना पिवळी असतात आणि नंतर नारिंगी, लाल किंवा जांभळट होतात. पिवळी फुलं एका झिपच्या पिशवीत आणि रंग बदललेली दुसऱ्या पिशवीत तोडून घ्या, दोन्ही ताटलीवर वेगवेगळी झटका आणि मोजा. दिल्लीत माथुर आणि मोहन राम यांनी १९७८ साली दाखवून दिलं की घाणेरीवर फुलकिडे परागसिंचन करतात, ते पिवळ्या फुलांकडे ओढले जातात, आणि रंग बदलण्याचा संबंध परागसिंचन होऊन जाण्याशी आहे. एका छोट्याशा झुडपावर रंग, पराग आणि एक मिलिमीटरचा किडा यांचा व्यवहार आपल्या डोळ्यांसमोर चाललेला असतो. मलेशियाच्या जंगलात शोरिया वंशाच्या प्रचंड वृक्षांचं परागसिंचन फुलकिडे करतात, ऑस्ट्रेलियातल्या काही सायकॅडचंही (ताडासारखी दिसणारी प्राचीन झाडं). स्पेनमधल्या दहा कोटी वर्षांहून जुन्या अंबरमध्ये (दगडासारख्या झालेल्या झाडाच्या चिकात) अंगाला पराग चिकटलेले फुलकिडे सापडले आहेत. हे नातं किती जुनं आहे, याची कल्पना त्यावरून यावी.

भारतात या नात्यांचा सर्वांत मोठा अभ्यास चेन्नईच्या लोयोला कॉलेजात टी. एन. अनंतकृष्णन यांनी उभा केला. फुलकिड्यांवर काम करणाऱ्या कितीतरी भारतीयांची सुरुवात त्यांच्या लिखाणापासून झाली आहे.

विषाणू, आणि गाजरगवताची वेगळी गोष्ट

यजमान कोण हे शेतकऱ्याला का कळलं पाहिजे, याचं सर्वांत ठोस उत्तर विषाणूंत आहे. भुईमुगाचा कोंब मर हा विषाणूजन्य रोग थ्रिप्स पाल्मी ही फुलकिड्याची जात पसरवते. त्याचा विषाणू ज्या गटातला आहे, त्या गटातले विषाणू फुलकिड्याने पिल्लाच्या वयातच घेतले पाहिजेत. ते त्याच्या शरीरात वाढतात आणि प्रौढ झाल्यावर तो ते पसरवतो. प्रौढाने रोगट झाड चाखलं तरी तो वाहक होत नाही. म्हणजे फुलकिडे ज्या रोगट झाडावर जन्म घेऊन वाढतात, तेच या रोगाचं उगमस्थान. नुसते प्रौढ बसतात त्या झाडाला दोष देऊन उपयोग नाही. कांद्यावरच्या आयरिस यलो स्पॉट विषाणूचंही असंच आहे, फक्त त्याचा वाहक थ्रिप्स टबासी.

गाजरगवताचं गणित याच्या नेमकं उलट आहे, आणि म्हणून मला ते विशेष महत्त्वाचं वाटतं. तंबाखूचा स्ट्रीक विषाणू गाजरगवतात कोणतंही लक्षण न दाखवता राहतो आणि त्याच्या परागात असतो. फुलकिडे तिथे येतात, अंगावर पराग घेतात आणि सूर्यफुलावर किंवा भुईमुगावर जातात. खाताना पडलेल्या जखमेतून परागातला विषाणू आत शिरतो. इथे किडा फक्त वाहून नेणारा असतो. तो गाजरगवतावर जन्मलेला असण्याची गरज नाही. २००० साली आंध्रातल्या अनंतपूर भागात भुईमुगावर आलेली मोठी साथ अशीच पसरली. पुण्यात १९५५च्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलेलं हे तण आज आपल्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर उभं आहे. ते फुलण्याआधी उपटलं तरच फायदा होतो. फुलल्यावर कापून बांधावर टाकलं तर पराग तिथेच राहतो. उपटताना हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.

म्हणून वहीत यजमान झाडांचा रकाना आणि ‘फक्त भेटीची झाडं’ हा रकाना वेगळे ठेवा, पण दुसरा पुसू नका.

मग बागेत काय करायचं

आधी ताटलीत आणखी कोण पडतंय ते पाहा. दोन-तीन मिलिमीटरचा, काळपट, पंखांवर फिकट डाग असलेला, टोकदार सोंडेचा ढेकणासारखा किडा म्हणजे ओरियस. तो फुलातच राहून फुलकिडे शोषून खातो. पाच-दहा फुलांत एक ओरियस दिसत असेल तर हात आवरा. उमललेल्या फुलांवर कीटकनाशक फवारलं तर ओरियस आणि मधमाश्या मरतात, आणि पाकळीच्या बुडाशी दडलेली पिल्लं, कळीतली अंडी आणि मातीतले कोष तसेच राहतात. दहा दिवसांनी फुलकिडे परत येतात, त्यांना खाणारे येत नाहीत. फुलकिडे दिसले की सगळेच शत्रू मानू नयेत. फ्रँक्लिनिएला शुल्त्झी ही जात कापसावर कोळीकिड्यांची अंडीही खाते.

कोमेजलेली फुलं झाडावर राहू न देणं, आळ्यातली माती वरचेवर हलवणं, फुलांच्या उंचीला निळे चिकट सापळे लावणं, एवढ्यावर घरची बाग निभावते. सापळा नजर ठेवण्यासाठी आहे. त्यावर फक्त उडणारे प्रौढ येतात आणि ते कुठूनही आलेले असू शकतात, हे विसरू नका. मिरचीच्या बाबतीत एक खूण पाठ करावी, निमाडातल्या शेतकऱ्यांना ती ठाऊकच असते: पानाच्या कडा वर वळून होडीसारखं पान झालं तर काम फुलकिड्यांचं, तिथे बहुधा सिर्टोथ्रिप्स डोर्सालिस असतो. कडा खाली वळल्या तर कोळीकिडे. फुलकिड्याची ही जात कोवळ्या पानांवर वाढते, म्हणून मिरचीच्या फुलांत तिला मोजत बसण्यात अर्थ नाही. शेंडे झटकावेत.

नमुने आणि नोंदी

प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर झाडाचं नाव, फुलाची अवस्था, जागा, तारीख आणि ‘पिल्लांपासून वाढवलेले’ की ‘प्रौढ पकडलेले’ हे लिहा. झाडाचं नाव नक्की माहीत नसेल तर पान-फूल वर्तमानपत्रात दाबून त्याच क्रमांकाने जपून ठेवा. एका बाटलीत एकाच झाडाचे किडे ठेवा. जात ओळखायला काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली डोक्यावरचे आणि पाठीवरचे केस, स्पृशांचे (डोक्यावरच्या मिश्यांचे) खंड, पंखांवरच्या काट्यांची रांग पाहावी लागते. फोटोवरून ते जमत नाही. होळकर विज्ञान महाविद्यालय किंवा कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्राच्या शिक्षकांना आधी भेटून विचारा. तिथेही अडलं तर बंगळूरुच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे फुलकिड्यांचा मोठा संग्रह आहे. अल्कोहोलच्या बाटल्या टपालात टाकू नका. पाठवण्याची रीत आधी त्यांनाच विचारा. एका झाडाचे निदान पाच-सहा प्रौढ द्या, त्यात नर असतील तर वेगळे सांगा (ते मादीपेक्षा लहान, सडपातळ आणि बऱ्याचदा फिकट असतात), आणि त्याच फुलातली दोन-चार पिल्लं त्याच बाटलीत राहू द्या.